अठ्ठावन्नाचा हिशोब

नोव्हेंबर लागला की बेंगळुरूच्या बँकांसमोर सकाळी दहाच्या आधीच रांग दिसते. जयनगर असो, मल्लेश्वरम असो की राजाजीनगर; कानटोपी, स्वेटर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत आधार कार्ड, पासबुक, पेन्शनचा पीपीओ नंबर लिहिलेला, घड्या पडून मऊ झालेला कागद. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा कळवावं लागतं. हयातीचा दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबते. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं आणि दाखला डिजिटल झाला. यंत्रावर बोट ठेवायचं, ठसा आधारशी जुळला की माणूस हयात! आयुष्य फायलींत गेलेल्यांचे ठसे पटकन जुळतात. लेथवर, ग्राइंडरवर तीस-पस्तीस वर्षं काढलेल्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखायला तयार नसतं. २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली, तेव्हा अशांचा जीव भांड्यात पडला.

रांग एकच, पण तिच्यात दोन वेगळी जगं उभी असतात. एक सरकारी पेन्शनरांचं. त्यांच्या पेन्शनीवर वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. दुसरं कारखान्यांतून, खासगी कंपन्यांतून बाहेर पडलेल्यांचं. त्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून येते, तिला ‘ईपीएस-९५’ म्हणतात, आणि ती जिथे सुरू झाली तिथेच थांबलेली असते. खरं तर त्यांनी दाखला वर्षभरात केव्हाही दिला तरी चालतो. पण शेजारचा जातो म्हणून तेही नोव्हेंबरातच येतात. एकाच्या पासबुकात पाच आकडे, दुसऱ्याच्या चार, आणि त्या चारांची सुरुवात बऱ्याचदा एक किंवा दोननं होते.

बेंगळुरूला ‘पेन्शनरांचा स्वर्ग’ म्हणायची पद्धत जुनी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना इथली हवा मानवली. १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरमच्या रुंद रस्त्यांच्या वसाहती वाढल्या आणि म्हैसूर संस्थानचे निवृत्त अंमलदार तिथे बंगले बांधून राहिले. पुढची पिढी कारखान्यांची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे एचएएल. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये टेलिफोनचा आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल, १९६४ मध्ये बीईएमएल. प्रत्येकाची टाउनशिप, शाळा, दवाखाना, कॅन्टीन आणि सायरन. बेळगाव, हुबळी-धारवाड, सोलापूर, पुण्याहून मराठी माणसं या नोकऱ्यांत आली. गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ तर त्याही आधीचं, १९२० सालचं. मूळ गाव सोडून आलेल्यांना गणपतीत एकमेकांची तोंडं दिसायची ती तिथे.

या कारखान्यांनी कामगाराला एक नवी चीज दिली: शेवटच्या दिवसाची तारीख. शेतकऱ्याच्या, सुताराच्या, न्हाव्याच्या घरात काम थांबवायची तारीख नसते. हात चालेपर्यंत काम चालतं. कारखान्यात मात्र भरतीच्या कागदावरच्या जन्मतारखेवरून सुटीचा दिवस मोजता येई. त्या दिवशी हार, नारळ, फोटो, ग्रुप फोटोत मधली खुर्ची. भेटवस्तूंत मनगटी घड्याळ असे, आणि ते बहुधा याच शहरात बनलेलं. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून इथे घड्याळं बनवायला सुरुवात केली होती.

बाहेरच्यांना वाटतं, एवढ्या मोठ्या सरकारी कंपन्या, म्हणजे पेन्शनही भरभक्कम असणार. तसं नव्हतं. सार्वजनिक उपक्रमातला कामगार सरकारी नोकर नव्हता. त्याला भविष्य निर्वाह निधी मिळे, ग्रॅच्युइटी मिळे, आणि बस्स. एकरकमी पैसे हातात, पुढे तुझं तू बघ. १६ नोव्हेंबर १९९५ ला ईपीएस लागू झाली तेव्हा मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिकडे वळवले गेले, पण तेही पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा आधी ५ हजार, मग ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार. पगार साठ हजार असो की लाख, बहुतेकांच्या पेन्शनच्या वहीत तो १५ हजारच.

सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पंधरा हजारांवर पस्तीस वर्षं धरली तर ७,५०० रुपये. वीस वर्षं भरली की दोन वर्षं बक्षीस मिळतात. म्हणजे पंधरा हजार गुणिले बावीस भागिले सत्तर, ४,७१४ रुपये. हा झाला भाग्यवानाचा हिशोब. २०१४ च्या आधीची वर्षं साडेसहा हजारांच्या दरानं मोजली जातात, आणि १९९५ च्या आधीच्या नोकरीपोटी मिळतात ते शेकड्यांत. साडेसहा हजारांवर दहा वर्षं म्हणजे ९२९ रुपये. म्हणून २०१४ मध्ये किमान पेन्शन हजार रुपये ठरवावी लागली. ती आजपर्यंत हजारच आहे. महागाई भत्ता नाही. ज्यानं तीस वर्षं तेजस किंवा जग्वार विमानांच्या भागांवर मायक्रॉनचा फरक पकडला, त्याला स्वतःच्या पेन्शनचा आकडा वाचायला भिंगाची गरज पडत नाही.

सार्वजनिक उपक्रमांना अंशदानाची वेगळी पेन्शन योजना काढायची वाट २००७ च्या वेतनसुधारणेनंतर मोकळी झाली. आधी बाहेर पडलेले तसेच राहिले. एचएमटीच्या घड्याळ कंपनीचं नशीब तर आणखी वाईट. क्वार्ट्झचा काळ आला, टायटन आलं, तोटा साचत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं कंपनी बंद करायला मंजुरी दिली. उरलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली ती २००७ च्या काल्पनिक वेतनश्रेणीवर. साऱ्या देशाला वेळ दाखवणाऱ्यांचा पगार नऊ वर्षं मागच्या तारखेनं मोजला गेला, यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

मग या पेन्शनरांचा स्वर्ग उभा राहिला तरी कशावर? उत्तर बेंगळुरूचा कुठलाही जुना रहिवासी एका शब्दात देतो: साइट. इथे प्लॉटला साइट म्हणतात, आणि ‘थर्टी-फॉर्टी’ म्हटलं की तीस बाय चाळीस फूट हे न सांगता कळतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी, पुढे नगर विकास प्राधिकरणानं साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाटलेल्या साइट ज्यांनी घेतल्या, पीएफमधून उचल काढून वर घर बांधलं, वरचा मजला भाड्यानं दिला, ते तरले. आयटी आलं आणि इंदिरानगरच्या साइटीनं जे दिलं ते कुठल्याही पेन्शननं दिलं नसतं. शेजारच्या बाकावर बसणारा, तेवढ्याच ग्रेडचा, पण बहिणींची लग्नं आधी उरकलेला कामगार क्वार्टर सोडून भाड्याच्या घरात गेला. दोघांच्या म्हातारपणातला फरक कष्टाचा नव्हता, काटकसरीचाही नव्हता. एकानं १९७८ मध्ये अर्ज भरला, दुसऱ्यानं नाही भरला, एवढाच तो फरक असू शकतो. या शहरातल्या मध्यमवर्गाला हे कबूल करायला आवडत नाही.

दुसरा आधार व्याजाचा होता. १९८९ ते २००० पीएफवर बारा टक्के मिळत. पीपीएफवरही जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के होते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेले पाच लाख तेव्हाच्या दरानं मुदतठेवीत टाकले तर महिन्याला पाच हजारांच्या आसपास सुटत, आणि नव्वदच्या दशकात पाच हजारांत नवरा-बायकोचं घर, औषधं, मुलीच्या घरी जायचा खर्च निघे. ‘व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही’ हा घरोघरीचा नियम होता. दर सहा टक्क्यांवर आले तेव्हा त्याच पाच लाखांचे अडीच हजार झाले, आणि मधल्या काळात डाळ, दूध, डॉक्टर कितीतरी पुढे गेले होते.

अशा वेळी दोन-तीन टक्के जास्त देणारी बँक सापडली की माणूस तिकडे जातो. त्याला लोभ म्हणणं सोपं आहे. ज्याचं महिन्याचं औषधाचं बिल त्या दोन टक्क्यांत बसतं त्याच्या दृष्टीनं तो हिशोब असतो. बसवनगुडीची श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँक अशा ठेवीदारांची लाडकी होती. नावात राघवेंद्र स्वामी, शाखा घराजवळ, कर्मचारी ओळखीचे, आणि व्याज मोठ्या बँकांपेक्षा चांगलं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले. एका ठेवीदाराला काढता येणार होते ते फक्त ३५ हजार रुपये. बँकेसमोर जमलेल्या गर्दीत पांढऱ्या केसांची डोकी जास्त होती. त्या वेळी ठेवींवर विमा होता लाखभराचा, आणि ती मर्यादा १९९३ पासून बदललेली नव्हती. पुढच्याच महिन्यात ती पाच लाख झाली. हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेसमोर हेच दृश्य होतं, आणि १९१२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून खेटे घालत होते. तिचा परवाना अखेर २०२२ मध्ये गेला. सहकारावरचा विश्वास हा आपल्याकडे वारशानं मिळतो आणि त्याची किंमत बहुतेकदा साठीनंतर मोजावी लागते.

अठ्ठावन्न, साठ हे आकडे आले कुठून? जर्मनीत बिस्मार्कनं १८८९ मध्ये वृद्धापकाळाची पेन्शन सुरू केली तेव्हा वय ठेवलं होतं सत्तर. तिथवर पोचणारे मोजकेच, त्यामुळे तिजोरीला फारसा धक्का नव्हता. ते पासष्टवर आलं १९१६ मध्ये. भारतात केंद्रीय कर्मचाऱ्यांचं वय पंचावन्नवरून अठ्ठावन्न झालं १९६२ मध्ये, साठ झालं १९९८ मध्ये. कर्नाटक सरकारचा कर्मचारी साठीला घरी जातो, महाराष्ट्राचा अठ्ठावन्नला. म्हणजे निपाणीचा शिक्षक कागलच्या शिक्षकापेक्षा दोन वर्षं जास्त तरुण धरला जातो. डेन्मार्कनं २०२५ मध्ये कायदा करून २०४० पर्यंत हे वय सत्तरवर न्यायचं ठरवलं. चीननंही २०२५ पासून पुरुषांचं वय साठवरून त्रेसष्टकडे सरकवायला सुरुवात केली. युरोपात लोक रस्त्यावर येतात ते आणखी काही वर्षं काम करावं लागेल म्हणून. बेंगळुरूत लोक रस्त्यावर आले ते अगदी उलट्या कारणानं.

सोमवार, १८ एप्रिल २०१६. होसूर रोडवर बोम्मनहळ्ळीच्या आसपास कपड्यांच्या कारखान्यांतून बायका बाहेर पडू लागल्या आणि रस्त्यावर बसल्या. कुठल्याही युनियननं हाक दिली नव्हती. कुणी पुढारी नव्हता. एका कारखान्याच्या बायका बाहेर आलेल्या पाहून शेजारच्या कारखान्याच्या आल्या. इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा रस्ता, ज्यावरून रोज आयटीच्या बसगाड्या धावतात, तासन् तास बंद पडला. दुसऱ्या दिवशी लोण तुमकूर रोडवर, पीन्या आणि जालहळ्ळीकडे पोचलं. बस जाळल्या गेल्या, हेब्बगोडी पोलीस ठाण्याच्या आवारातली वाहनं पेटली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. शहर चकित झालं. शर्ट शिवणाऱ्या, डोक्यावर मोगरा माळणाऱ्या, सातच्या टेम्पोत दाटीवाटीनं उभ्या राहणाऱ्या या बायका एवढ्या संतापल्या कशावरून?

कारण होतं एक अधिसूचना. १० फेब्रुवारी २०१६ ला केंद्र सरकारनं नियम बदलला होता: नोकरी सुटली तरी पीएफमधला मालकाचा वाटा अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. दिल्लीतल्या टेबलावर हा नियम शहाणपणाचा होता. लोक मध्येच पैसे काढून खातात, म्हातारपणी हात रिकामे राहतात. म्हणून त्यांच्याच भल्यासाठी कुलूप. एखाद्या अर्थतज्ज्ञानं मान डोलवावी असाच तो.

पण कपड्यांच्या कारखान्यात अठ्ठावन्नची बाई कुणी पाहिली आहे? अठरा-विसाव्या वर्षी मुलगी लाइनवर बसते. कॉलर, कफ, बटनपट्टी, एकच तुकडा दिवसभर, तासाला ठरलेले पीस. सुपरवायझर फळ्यावर आकडा लिहितो. पाणी कमी प्यायचं, म्हणजे बाथरूमला जावं लागत नाही. पस्तिशी-चाळिशीत पाठ, गुडघे, डोळे जाब विचारू लागतात आणि तासाचा आकडा गाठणं जड जातं. मग एक दिवस काम सुटतं, किंवा सोडायला लावतात. त्यानंतर ती कुणाच्या घरी स्वयंपाकाला जाते, दारात फुलं विकते, गावी परतते. त्या काळात पगार महिन्याला सात-आठ हजारांच्या घरात. भाडं, शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे यांतून शिल्लक ती काय पडणार? पीएफ हीच एक शिल्लक, आणि तीही आपोआप कापली जाते म्हणून. नोकरी सोडायची, पीएफ काढायचा, सोनं सोडवायचं किंवा मुलीचं लग्न करायचं, आणि पुन्हा दुसऱ्या कारखान्यात नव्यानं लागायचं, ही त्यांची पद्धत होती. सरकारला ती बेशिस्त वाटली. वस्तुतः तेच त्यांचं नियोजन होतं. त्यांना म्हातारपण अठ्ठावन्नला नाही, चाळिशीला गाठतं. आणि चाळीस ते अठ्ठावन्न ही अठरा वर्षं कशी काढायची याबद्दल अधिसूचनेत एक ओळही नव्हती.

एकोणीस तारखेलाच केंद्रीय कामगार मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी निर्णय मागे घेतल्याचं जाहीर केलं. देशभरातल्या कामगार संघटना जे पत्रकं काढून मागत होत्या, ते या बायकांनी दोन दिवसांत मिळवलं. त्यांच्याआधी याच शहरात १९८०-८१ मध्ये एचएएल, बीईएल, बीईएमएल, एचएमटी, आयटीआयच्या कामगारांनी ७७ दिवस संप केला होता. तो पगाराच्या बरोबरीसाठी. पुढच्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तिथल्या हजारो कामगारांची निवृत्ती कुठल्याही जन्मतारखेशिवाय झाली. लालबाग-परळच्या घरांमध्ये आजही त्या पिढीचा माणूस ‘आमचं वय पंचेचाळीसच होतं’ असं सांगताना दिसतो.

साठीनंतरचं काम बघायचं तर बेंगळुरूच्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला माणूस बघावा. खासगी सुरक्षारक्षकांबाबतचा २००५ चा कायदा सांगतो की रक्षक पासष्टच्या वर नसावा. फाटकावरची माणसं मात्र बऱ्याचदा त्यापुढची दिसतात. एजन्सीच्या बाहेर, थेट मालकानं ठेवलेल्या रात्रपाळीला वयाचा दाखला मागतो कोण? बारा तासांची पाळी, गणवेशाचा शर्ट एक माप मोठा, आणि खिशात रक्तदाबाची गोळी. काहींची कायम नोकरीच उशिरा सुरू होते. रस्ते झाडणाऱ्या पौरकर्मिकांनी जुलै २०२२ मध्ये कायम करा म्हणून संप केला. १ मे २०२५ ला बारा हजारांहून अधिक जणांना कायम केल्याची पत्रं मिळाली. वीस-वीस वर्षं कंत्राटावर झाडू मारल्यानंतर पन्नाशीत ‘नोकरी’ लागली, तर निवृत्त होईपर्यंत भरणार किती वर्षं? तरीही ते पत्र फ्रेम करून लावावं असंच आहे.

आता होसूर रोडच्या दुसऱ्या टोकाला. इलेक्ट्रॉनिक सिटीत काचेच्या इमारतींमध्ये चिंता दिसते ती वेगळ्या वेषात. इथे कुणी जास्त काळ काम करावं लागेल म्हणून झुरत नाही. पंचेचाळीसनंतर काम मिळेल का, हा प्रश्न आहे. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले होते. म्हणजे नेमके ते, ज्यांचं गृहकर्ज अजून बारा वर्षांचं आहे, मुलगा नववीत आहे, आणि गावी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. पुण्या-नागपूरहून इथे आलेल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर दोन हिशोब चालतात: पंचेचाळीसला पाच कोटी जमले तर सोडून देता येईल का, आणि पंचेचाळीसला कंपनीनं सोडलं तर किती महिने निघतील. पहिला मित्रांना ऐकवायचा, दुसरा बायकोला. सासू-सासऱ्यांना मात्र अजून वाटतं की पोराला चांगली नोकरी आहे म्हणजे साठीपर्यंत घोर नाही.

याच शहरातून ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये आयटीत दिवसाला चौदा तासांपर्यंत काम करू देणारा प्रस्ताव कर्नाटक सरकारपुढे आल्याच्या बातम्या आल्या आणि आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केआयटीयू त्याविरुद्ध उभी राहिली. मूर्ती स्वतः ऑगस्ट २०११ मध्ये पासष्टाव्या वर्षी इन्फोसिसमधून निवृत्त झाले आणि जून २०१३ मध्ये पुन्हा परत आले. ज्याला थांबायचं की चालायचं हे स्वतः ठरवता येतं, त्याच्यासाठी काम हे टॉनिक असतं यात शंका नाही. अडचण एवढीच की त्याच अनुभवावरून तो दुसऱ्यांना डोस सांगू लागतो.

साठीनंतर काम करायची इच्छा खोटी नाही, हेही खरं. बेंगळुरूतला नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट पोलिसांसोबत ज्येष्ठांसाठी १०९० ही हेल्पलाइन चालवत आला आहे; तोच ट्रस्ट साठी ओलांडलेल्यांसाठी नोकरीचे मेळावेही भरवतो. इस्त्रीचा शर्ट, फाइलमध्ये बायोडेटा, आणि मुलाखत घेणारा आपल्या मुलापेक्षा लहान. केंद्र सरकारनंही १ ऑक्टोबर २०२१ ला ज्येष्ठांच्या पुनर्नोकरीसाठी एक पोर्टल सुरू केलं. अशा मेळाव्यात ‘वेळ जात नाही म्हणून आलो’ हे वाक्य सगळ्यांच्या ओठांवर असतं. त्यातल्या कितींचा वेळ जात नाही आणि कितींचा महिना, हे ओळखायचं असेल तर पगाराचा आकडा सांगितल्यावरचा चेहरा बघावा. मध्यमवर्गी माणूस पैशाची गरज आजारासारखी लपवतो. सून-मुलाकडे मागण्यापेक्षा एखाद्या दुकानाचे हिशोब लिहिणं त्याला सुसह्य वाटतं, आणि बरोबरच आहे त्याचं.

भारतातल्या साठीपुढच्या लोकांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कामच करत आहेत, असं २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत आढळलं होतं. त्यांतले बहुतेक शेतात. त्यांना निवृत्तीचं वय कुणी विचारलेलंच नाही.

सरकारांनी अलीकडे वाटायला घेतलेल्या पैशांशेजारी ईपीएसची किमान पेन्शन ठेवून पाहण्यासारखी आहे. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून ‘गृहलक्ष्मी’त कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला दोन हजार मिळतात. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार, तेही पासष्ट वर्षं पूर्ण होईपर्यंतच, म्हणजे गरज वाढते तिथे बहीण लाडकी राहत नाही. आणि ज्यानं दर महिन्याला पगारातून कापू दिलं, त्याची किमान पेन्शन हजार. गृहलक्ष्मीचे पैसे कमी करावेत असा याचा अर्थ नाही. बेंगळुरूतल्या कित्येक घरांत पेन्शनर नवरा बायकोच्या दोन हजारांची वाट पाहतो, आणि त्या निमित्तानं घरातले काही जुने हिशोबही उलटे झाले असतील तर बिघडलं काही नाही.

किमान पेन्शन तीन हजार करावी, अशी शिफारस राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्येच केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची मागणी घेऊन बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून पेन्शनरांनी साखळी उपोषण आरंभलं. त्यांचे नेते कमांडर अशोक राऊत दिल्लीच्या जंतरमंतरपासून खासदारांच्या दारापर्यंत फिरत राहिले. तिकडे मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राचे सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर गेले तेव्हा राज्य हादरलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं संप करायचा तो कुणाविरुद्ध? त्याच्या हातात थांबवण्यासारखं काही उरलेलं नसतं. कुठली फाइल त्याच्या सहीवाचून अडत नाही, कुठला रस्ता त्याच्या बसण्यानं बंद होत नाही.

१३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफ संघटनेच्या विश्वस्त मंडळानं पुन्हा नियम बदलायचं ठरवलं. पैसे काढण्याची तेरा कारणं एकत्र करून तीन केली, काढणं सोपं केलं, पण पंचवीस टक्के शिल्लक खात्यात ठेवायला सांगितली. नोकरी सुटल्यावर सगळे पैसे काढायला थांबायचा काळ दोन महिन्यांवरून बारा करायचं ठरलं. पेन्शनचा वाटा काढायचा तर छत्तीस महिने. समाजमाध्यमांवर गदारोळ झाला आणि पंचाहत्तर टक्के लगेच काढता येतील असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. उद्देश २०१६ चाच, भाषा जरा मवाळ. दरम्यान कपड्यांचे कारखाने बेंगळुरूबाहेर, मद्दूर, हासन, शिवमोग्ग्याकडे सरकत आहेत. काही थेट ओडिशा, झारखंडात गेले, आणि तिथल्याच मुली इथल्या वसतिगृहांत राहून होसूर रोडवर शिवणकाम करतात. २०१६ मध्ये त्या रस्त्यावर बसलेली पंचवीस वर्षांची बाई आता पस्तिशीत आली आहे. अठ्ठावन्न तिला २०४९ मध्ये लागेल. सलग एका जागी दहा वर्षं भरली असतील, किंवा कारखाना बदलताना तिनं जुना नंबर नव्या खात्याला जोडून घेतला असेल, तरच पेन्शन. नाहीतर आतापर्यंत कापलेले पैसे, व्याजासकट, आणि ते मागण्यासाठी भरायचा अर्ज.